राणी पाकोळी बागेत येते, पण अळ्या टिकत नाहीत: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

श्रावण लागला की मला एकाच प्रकारचे फोन यायला लागतात. कुणी अंगणात पपनस लावलेलं असतं, कुणी कुंडीत लिंबू. राणी पाकोळी येऊन अंडी घालून गेलेली असते, घरातली मुलं रोज पानं मोजत असतात, आणि पंधरा दिवसांत झाड रिकामं होतं. चिपळूणजवळच्या आमच्या परसात नऊ वर्षं मी या फुलपाखरासाठी झाडं वाढवतेय. आसपासच्या बागांमध्ये जाऊन हीच तक्रार इतक्या वेळा निस्तरलीय, की आता कुठून सुरुवात करायची याचा क्रम हाताला बसलाय. तोच इथे लिहिते.

आधी लक्षणं. तुमच्याकडे यातलं नेमकं काय घडतंय ते ठरवा. घात कोणत्या टप्प्यावर होतो, यावरून निम्मं कारण कळतं.

– मादी झाडाभोवती घिरट्या घालते, पानांना पाय लावून पाहते आणि अंडं न घालता निघून जाते.
– अंडी घातलेली दिसतात, पण काळी पडतात किंवा चेपतात. अळी बाहेर येत नाही.
– अगदी लहान अळ्या एकेक करून गायब होतात. मागे काहीच सापडत नाही.
– अळी हिरवं पाणी ओकते, अंग पिळवटते आणि झाडाखाली पडते.
– अळी कात टाकताना अडकते, जुनी कात अर्धी अंगावरच राहते.
– अळी मऊ आणि काळपट होऊन मागच्या पायांवर उलटी लोंबते, फुटली तर घाण वास येतो.
– चांगली बोटाएवढी झालेली अळी एका रात्रीत नाहीशी होते.
– कोष तयार होतो, पण फुलपाखरू निघत नाही. कधी कोषाला भोक दिसतं.
– फुलपाखरू निघतं, पण पंख चुरगळलेले राहतात.

आता तपासणी. फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी.

खरंच काही बिघडलंय का?

हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मला येणाऱ्या फोनपैकी बऱ्याच ठिकाणी अळीला काहीही झालेलं नसतं.

राणी पाकोळीची अळी चार वेळा कात टाकते. शेवटची कात टाकेपर्यंत ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मग हिरवी होते. पोट भरून खाणं झालं की ती एक दिवस खाणं सोडते आणि पातळ, ओलसर विष्ठा टाकते. लोकांना वाटतं अळीला जुलाब झाले, आता ती मरणार. खरं तर कोष करण्याआधी ती पोट रिकामं करत असते. त्यानंतर ती झाड सोडून चालायला लागते. आमच्या परसातल्या पपनसावरची एक अळी विहिरीच्या कठड्यापर्यंत गेली होती, पंधरा फूट तरी सहज. म्हणून मोठी अळी रात्रीत नाहीशी झाली तर आधी आजूबाजूच्या झाडांच्या काटक्या, कुंपण, भिंतीचा आडोसा, कुंडीची खालची कड बघा. कोष शेपटाकडून काटकीला टेकलेला असतो आणि कमरेला रेशमाचा एक धागा बांधलेला असतो. कमरेला दोरी बांधून माडाला खेटून बसलेल्या माडकऱ्यासारखा.

कोष तपकिरी आहे म्हणून फेकूनही देऊ नका. हिरव्या पानांत केलेला कोष हिरवा होतो, वाळक्या काटकीवर किंवा भिंतीवर केलेला तपकिरी होऊ शकतो. दोन्ही जिवंत असतात. साधारण दोन आठवडे धीर धरा, थंडी असेल तर आणखी. फुलपाखरू निघायच्या आदल्या दिवशी कोष गडद होतो आणि कवचातून पंखांचा काळा रंग दिसायला लागतो. तेव्हाही लोक घाबरतात.

अळी नेमकी कुणाची?

राणी पाकोळी म्हणजे ब्लू मॉरमॉन. काही जण नीलवंत म्हणतात. २०१५ साली महाराष्ट्राने तिला राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं आणि तेव्हापासून घरोघरी तिच्यासाठी झाडं लावायची हौस वाढली. पण लावलं जातं ते बहुधा कढीपत्त्याचं झाड. कढीपत्त्यावर सापडणाऱ्या अळ्या बहुतेक वेळा कॉमन मॉरमॉनच्या किंवा लाइम बटरफ्लायच्या असतात. लहानपणी या तिघींच्या अळ्या पक्ष्याच्या शिटेसारख्याच दिसतात, नवख्या डोळ्यांना फरक कळत नाही.

राणी पाकोळीला लागतात लिंबाच्या कुळातली झाडं. रानात तिची अळी माकडलिंबू, किरमिरा, करी वागेटी यांच्यावर वाढते. बागेत पपनस, लिंबू, ईडलिंबू आणि या जातीची इतर झाडं चालतात. माझ्या अनुभवात पपनसासारखं दुसरं झाड नाही. पान रुंद, पालवी भरघोस, आणि एका झाडावर दहा अळ्या वाढल्या तरी झाडाला जाणवत नाही.

मादी येते आणि अंडं न घालता जाते, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. ती पुढच्या पायांनी पानावर टकटक करून पानाची चव घेते. योग्य झाड असेल आणि पालवी कोवळी असेल तरच अंडं घालते, तेही एका ठिकाणी एकच, बहुधा पानाच्या वरच्या बाजूला. मोहरीच्या दाण्याएवढं, पोपटी. दोन-तीन दिवसांत ते पिवळसर नारिंगी होतं. झाड बरोबर असूनही मादी निघून जात असेल, तर पालवी जून झालीय का बघा. पावसाच्या तोंडावर शेंडे हलके छाटले की तीन-चार आठवड्यांत लुसलुशीत फूट येते, आणि ही छाटणी फुकट आहे.

मुंग्या

लहान अळ्या काही मागे न ठेवता गायब होत असतील तर पहिला संशय मुंग्यांवर. फांदीवर मुंग्यांची रांग आहे का बघा. असेल, तर रांग कुठे जाते ते शोधा. नव्वद टक्के वेळा असं म्हणायचा मोह होतो, पण टक्केवारी मी मोजलेली नाही. एवढं नक्की, की बहुतेकदा रांग मावा किंवा पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडींकडे जाते. मावा गोड चिकटा सोडतो, मुंग्या त्यासाठी येतात आणि वाटेत सापडलेलं अंडं किंवा बाळअळी उचलून नेतात. म्हणजे अळी वाचवायची तर मावा घालवायचा. पाण्याचा जोरदार फवारा मारून मावा धुवून टाका, पण त्याआधी अळ्या असलेली फांदी हाताने झाकून घ्या. कुंडी असेल तर ती पाणी भरलेल्या ताटलीत, विटेवर उभी ठेवा. पानं भिंतीला किंवा दुसऱ्या झाडाला टेकत नाहीत ना, हेही बघा. टेकत असतील तर ताटलीतल्या पाण्याला काही अर्थ उरत नाही. मुंग्या तिथून पूल करून येतात.

मुंग्या नसतील तर कोळी, नाकतोडे खाणारे सरडे, बुलबुल, गांधीलमाश्या. त्यांना हाकलत बसू नका. अळीने स्वतःची सोय केलेली असते. डिवचलं की ती डोक्यामागून दोन टोकांचं मऊ शिंग बाहेर काढते, त्याला उग्र वास असतो. तरीही काही जाणारच. रानात शंभर अंड्यांतून फुलपाखरं निघतात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

फवारणी: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

अळी ओकत असेल, पिळवटत असेल, झाडाखाली पडलेली सापडत असेल, तर विषाशिवाय दुसरं कारण मला क्वचितच सापडलंय.

लिंबाच्या कोवळ्या पानांवर नागअळी पडते. पानावर चांदीसारख्या वेड्यावाकड्या रेषा दिसतात आणि पान वळतं. रोपवाटिकेत अशी वळलेली पानं असलेलं रोप कोणी घेत नाही, म्हणून लिंबूवर्गीय रोपांवर तिथे हमखास औषध पडतं. इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशक औषधं झाडाच्या आत भिनतात, रसातून प्रत्येक पानात पोचतात. तुम्ही पान कितीही धुतलं तरी ती जात नाहीत. मातीत दिलेलं असेल तर नवीन फुटीतही महिनोन् महिने उतरतात. फुलपाखराला हे कळत नाही. झाड तिला छान हिरवंगार दिसतं, ती अंडी घालते, आणि अळी पहिलं पान खाऊनच मरते.

शेजारच्या काकूंकडे हेच झालं होतं. नवीन आणलेल्या लिंबावर त्यांनी सात अळ्या मोजल्या होत्या, तिसऱ्या दिवशी सातही खाली. त्या सारख्या म्हणत होत्या, "अगं, मी तर एक थेंबही मारला नाही गं." त्यांनी मारला नव्हता, हे खरंच होतं. मी रोपवाल्यांना फोन करून विचारलं, "दादा, या रोपाला शेवटचं औषध कधी आणि कोणतं दिलंत?" त्यांनी सरळ सांगितलं: पंधरा दिवसांपूर्वी, आळ्यात ओतून. असं विचारलं तर माणसं सांगतात. विचारायला मात्र हवं, आणि रोप घ्यायच्या आधी.

मग करायचं काय? असं रोप पहिला पावसाळा फुलपाखरांपासून लांब ठेवा, वरून जाळी टाकून. दोन-तीन वेळा नवीन फूट येऊ द्या, ती छाटा. घाई असेल तर रोप आणूच नका. पपनसाच्या किंवा लिंबाच्या ताज्या बिया फळातून काढल्या काढल्या पेरा. त्या वाळल्या की उगवणीचा भरवसा राहत नाही. बियांपासूनचं झाड फळ द्यायला वर्षं घेतं, पण आपल्याला पान हवंय, फळ नव्हे. आणि त्या पानात काय आहे हे तुम्हाला पक्कं माहीत असतं. माझी सगळी झाडं आता बियांचीच आहेत.

निंबोळी अर्काबद्दल वेगळं लिहावं लागतं, कारण तो सेंद्रिय म्हणून लोक निर्धास्त असतात. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन किड्यांची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतं. कात अर्धी अंगावर अडकलेली अळी दिसली तर आधी विचारा, घरात कोणी निंबोळी फवारली का. तीच गोष्ट बीटी जिवाणूच्या औषधाची. ते माणसांना, मधमाश्यांना त्रास देत नाही, पण अळ्या मारण्यासाठीच बनवलेलं आहे आणि राणी पाकोळीची अळी त्याला अपवाद नाही. डासांसाठी होणारी धुरळणीही लक्षात घ्या. धूर येणार हे कळलं तर त्या संध्याकाळी कुंडी घरात घ्या. मोठ्या झाडावर दुसरा उपाय नाही.

जागा आणि गर्दी

राणी पाकोळी मूळची सह्याद्रीच्या, दक्षिण भारताच्या आणि श्रीलंकेच्या ओलसर रानातली. पंखांचा विस्तार १२० ते १५० मिलिमीटर, म्हणजे पसरलेल्या तळहाताएवढी, आणि उडते ती झाडांच्या सावलीतल्या वाटेने. मुंबईतल्या गर्दीच्या रस्त्यावरही ती दिसते, पण तिथेही जवळपास कुठेतरी मोठी झाडं असतात. उघड्या, तापलेल्या गच्चीवर एकटी कुंडी ठेवून तिची वाट पाहण्यापेक्षा कुंडी घराच्या त्या बाजूला न्या जिथे दुपारची सावली पडते. शेजारी एक्झोरा, जास्वंद, मुसेंडा असं काही फुलणारं असू द्या, म्हणजे मादी जवळ रेंगाळते. लाइम बटरफ्लायला उन्हातली कुंडी आवडते, हिला नाही. दोघींच्या सवयी एक समजून बरेच जण फसतात.

मग गर्दी. शेवटच्या टप्प्यातली एक अळी दिवसाला कित्येक पानं संपवते. एक फूट उंचीच्या कुंडीतल्या रोपावर एकच अळी पूर्ण वाढेल, दोन ओढाताणीने. आठ अळ्या असतील तर पानं संपतील, त्या उपाशी भटकतील, आणि भटकणाऱ्या दुबळ्या अळ्यांना रोग पटकन लागतो. जास्तीच्या अळ्या पानासकट दुसऱ्या त्याच जातीच्या झाडावर हलवा. अळी बोटाने उचलू नका, तिची पकड घट्ट असते आणि ओढलं की पाय दुखावतात. झाडाची जातही बदलू नका. माकडलिंबावर वाढलेली अळी लिंबाचं पान खाईलच असं नाही.

घरात डब्यात वाढवत असाल तर

इथे रोग येतो. मऊ, काळपट, उलटी लोंबणारी, वास मारणारी अळी म्हणजे विषाणू किंवा जिवाणूंचा संसर्ग. त्या अळीतून गळणारा द्रव पानावर पडला की ते पान खाणारी दुसरी अळीही जाते. लागण झालेली अळी पानासकट काढा, कागदात गुंडाळून टाकून द्या, हात साबणाने धुवा आणि मगच बाकीच्यांना हात लावा. डबा साबणाने धुवून कडक उन्हात वाळवा.

डबा बंद झाकणाचा नको. आत घाम धरला की बुरशी आलीच. तळाला कागद घाला, तो रोज बदला. विष्ठा साचू देऊ नका. फांदी पाण्याच्या बाटलीत खोचली असेल तर बाटलीचं तोंड कापसाने बंद करा. अळी खोडावरून खाली उतरते आणि थेट पाण्यात बुडते. सांगायला छोटी गोष्ट आहे, पण माझ्या पहिल्या वर्षीच्या चारपैकी दोन अळ्या अशा गेल्या.

पंख चुरगळण्याचं कारणही बहुधा डब्यातच असतं. कोषातून निघालेल्या फुलपाखराला वर चढून लोंबकळायला जागा लागते. पंखांत द्रव भरून ते उलगडतात आणि मग वाळतात. गुळगुळीत भिंतींच्या बुटक्या डब्यात ते घसरतं, पंख दुमडलेलेच वाळतात, आणि नंतर ते सुधारत नाहीत. कोष दिसला की डब्यात खडबडीत काटक्या उभ्या करा, वर हातभर मोकळी जागा ठेवा. निघाल्यावर दोन-तीन तास हात लावू नका, मुलांनाही थोपवा.

परजीवी कीटक: शेवटी, आणि जपून

काळं पडलेलं अंडं भिंगातून बघा. निरोगी अंड्यातून बाहेर यायच्या आधी अळीचं गडद डोकं दिसतं. सगळं अंडं एकसारखं काळं असेल तर आत दुसऱ्याच चिमुकल्या गांधीलमाशीची पिल्लं आहेत. कोषाला एक किंवा अनेक बारीक गोल भोकं असतील तर तीच गोष्ट. कोषाखाली धाग्यासारखं काही लोंबत असेल आणि खाली तपकिरी, तांदळाच्या दाण्यासारखी कवचं पडली असतील, तर परजीवी माशी.

अंडं दिसल्यापासून फांदीवर बारीक जाळीची पिशवी बांधली तर हे टळतं. अळी मोठी झाल्यावर बांधून उपयोग नाही, अंडी तोपर्यंत आत गेलेली असतात. पण मी स्वतः दर मोसमात एक-दोन फांद्यांनाच जाळी बांधते, बाकी झाड मोकळं ठेवते. या गांधीलमाश्याही याच रानातल्या आहेत, आणि त्यांचेच भाईबंद माव्याला आणि नागअळीला आवरतात. त्यांना मारायला औषध आणलं तर आपण वरच्या फवारणीच्या भागात परत येतो.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

झाडच आजारी असेल तर अळ्यांचा विचार बाजूला ठेवा. खोडातून डिंक गळतोय, पानांवर आणि फांद्यांवर खैऱ्या रोगाचे खरबरीत ठिपके आहेत, किंवा पानं अर्धी पिवळी-अर्धी हिरवी होऊन शेंडे वाळतायत, तर घरगुती उपाय करत बसू नका. जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात रोगग्रस्त फांदी घेऊन जा आणि तिथल्या वनस्पतीरोगाच्या माणसाला दाखवा. झाडावर अळ्या वाढवता, हे आधीच सांगा, नाहीतर ते साहजिकच फवारणी लिहून देतील.

एकाच आठवड्यात आसपासच्या तीन-चार बागांतल्या सगळ्या अळ्या मेल्या, तर तुमच्या झाडाचा दोष नाही. कीटकशास्त्र शिकवणाऱ्या जवळच्या कृषी महाविद्यालयात विचारा. आणि ज्या झाडावर कोणतं औषध पडलंय हे माहीत नाही, त्याचं लिंबू तोवर स्वयंपाकात वापरू नका. ते खाऊन कुणाला मळमळ, घाम, चक्कर असं झालं तर थेट डॉक्टरकडे जा, औषधाची बाटली सापडली तर ती सोबत न्या.

झाड रिकामं राहतंय म्हणून अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून अंडी, अळ्या, माकडलिंबाची रोपं आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथून परवानगीशिवाय काहीही उचलणं गुन्हा आहे. रानातलं रोप हवंच असेल तर स्थानिक झाडांची रोपं करणाऱ्या रोपवाटिकेत मागा.

तज्ज्ञाकडे जाताना मेलेली अळी प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊ नका, सडते. कागदाच्या पाकिटात ठेवा, सोबत त्याच फांदीची चार पानं, अळी शेवटची जिवंत कधी पाहिली ती तारीख, आणि गेल्या दोन महिन्यांत झाडाच्या जवळपास काय काय फवारलं गेलं त्याची यादी.